आपोआप चढणारी रेस: २००४ च्या एका पेट्रोल गाडीचं प्रकरण

गाडी २००४ ची, पेट्रोल, चार सिलेंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलेंडरला पेट्रोल सोडणारा वेगळा इंजेक्टर), एक्सलेटरला साधी केबल, म्हणजे पायाखाली वायर ओढली जाते आणि तिकडे थ्रॉटल उघडतो, मधे कॉम्प्युटर नाही. रनिंग लाखाच्या बरंच पुढे. मालक साताऱ्यातलेच, हायस्कूलमधून रिटायर झालेले सर, गाडी नवीन घेतल्यापासून एकहाती त्यांच्याकडे, त्यामुळे कुठला आवाज कधीपासून येतो हे त्यांना नीट माहीत असतं आणि असा मालक असला की अर्धं काम सोपं होतं. तक्रार एकच होती, रेसची, म्हणजे इंजिन किती जोरात फिरतं त्याची, "पाय उचललेला असतो तरी रेस चढती, सिग्नलला उभं राहिलं की इंजिन ओरडायला लागतं, पुढचा माणूस वळून बघतो."

माझ्या गॅरेजला यायच्या आधी ही गाडी दोन-तीन ठिकाणी फिरून आलेली होती. आयडल व्हॉल्व्ह (पाय उचललेला असताना इंजिनाला हवा देणारा) बदलून झाला होता, थ्रॉटल पोझिशन सेन्सर (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा) बदलून झाला होता, प्लग नवीन, एअर फिल्टर नवीन, एके ठिकाणी तर ईसीएमच, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच, गेलाय म्हणून सांगितलं होतं आणि सर त्याच खर्चाच्या विचारात होते. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. जुन्या गाड्यांत हे फार होतं, कोड नाही म्हणजे बिघाड नाही असं धरतात किंवा मग अंदाजाने एकेक पार्ट बदलत सुटतात, आणि प्रत्येक पार्टचे पैसे गिऱ्हाईकाच्या खिशातून जातात. हे प्रकरण एवढं सविस्तर लिहितोय ते त्यासाठीच, कारण इथे मूळ बिघाड ज्या जागी निघाला तिकडे कोणी बघितलंच नव्हतं, आणि तो नुसता आवाजाचा त्रास नव्हता, जिवाशी गाठ होती.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. पेट्रोल इंजिनाची रेस ठरते ती हवेवर. पेट्रोल तर ईसीएम हवा बघूनच सोडतं. तुम्ही एक्सलेटर दाबता तेव्हा पेट्रोलचा नळ उघडत नाही, हवेची झडप उघडते. मग पाय उचललेला असताना रेस चढत असेल तर याचा सरळ अर्थ असा की इंजिनाला कुठून तरी जास्तीची हवा मिळतेय. ती थ्रॉटलच्या पत्रीतून, म्हणजे त्या झडपेतून, येत असेल कारण पत्री पूर्ण बंद होत नाही, किंवा आयडल व्हॉल्व्हच्या बाजूच्या वाटेने येत असेल, किंवा थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डला, म्हणजे सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या भागाला, जे रबरी पाईप जोडलेत त्यातल्या एखाद्यातून चोरून येत असेल. चौथी वाट नाही. सेन्सर खोटं बोलत असेल, उदाहरणार्थ कूलंट टेंपरेचर सेन्सर गरम इंजिनला थंड म्हणत असेल, तर तिथेही ईसीएम शेवटी आयडल व्हॉल्व्हच जास्त उघडतं, म्हणजे परत हवाच. म्हणून मी पार्टच्या मागे न लागता हवेच्या मागे लागतो.

या गाडीत हवा मोजायला मॅप सेन्सर आहे, तो मॅनिफोल्डमधला दाब बघतो आणि ईसीएम त्यावरून हिशोब करतं की किती हवा आत गेली. चोरून आलेली हवासुद्धा दाब वाढवतेच, त्यामुळे ईसीएम तिच्या वाट्याचं पेट्रोलही बरोबर मोजून सोडतं, हवा-पेट्रोलचं मिक्श्चर बिघडत नाही, आणि इंजिन मस्त गुळगुळीत रेस पकडतं. ज्या गाड्यांत एअर फिल्टरच्या तोंडाशी मास एअरफ्लो सेन्सर असतो तिथे उलटं होतं, लीकची हवा मोजलीच जात नाही, मिक्श्चर पातळ होतं आणि इंजिन थरथरतं, मिस करतं, कधी बंदच पडतं, आणि लीन मिक्श्चरचा कोडही येऊ शकतो. म्हणजे एकाच प्रकारचा लीक दोन गाड्यांत दोन वेगळी लक्षणं दाखवतो. सरांच्या गाडीत कोड का नव्हता त्याचं उत्तर इथेच आहे, ईसीएमच्या दृष्टीने मिक्श्चर बरोबर होतं, तक्रार करण्यासारखं त्याला काही दिसतच नव्हतं.

बॉनेट उघडायच्या आधी सरांना बसवून विचारलं. कधी होतं, गार असताना की गरम, एसी चालू की बंद, चालू गाडीत की उभ्या, पावसात जास्त होतं का. त्यांचं म्हणणं असं की सकाळी घरून निघताना काही नाही, गाडी गरम झाली की मग सुरू होतं, गावात पोवई नाक्याच्या गर्दीत हमखास, आणि पसरणी घाट उतरताना तर त्यांना भीती वाटते कारण दुसऱ्या गिअरमधे गाडी अडवत नाही, उलटी ढकलते. शेवटी उठता उठता त्यांनी अजून एक सांगितलं, "ब्रेक पण जरा कडक वाटतो हल्ली, पॅड नवीन टाकले म्हणून असेल." हे मी कागदावर लिहून ठेवलं, त्या क्षणी त्याचा रेसशी संबंध लावला नव्हता, पण मालक जे जे बोलतो ते लिहून ठेवायची सवय आहे.

रेस चढतेय म्हणजे नेमकं काय चढतंय हेही आधी बघावं लागतं. गिअरमधे चालू गाडीत रेस वाढते पण स्पीड वाढत नाही, असं असेल तर तो क्लच सटकतोय, इंजिनाचा दोष नाही. हँडब्रेक घट्ट ओढून चौथ्या गिअरमधे हळूहळू क्लच सोडला तर चांगल्या क्लचवर इंजिन लगेच दबून बंद पडतं. इथे लगेच बंद पडलं, क्लच चांगला. मग ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट. ही फालतू गोष्ट नाही, २००९-१० मधे टोयोटाने एक्सलेटरमधे मॅट अडकते आणि पेडल चिकटतं या दोन कारणांनी लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. सरांची मॅट हुकला व्यवस्थित अडकवलेली होती. केबलला थोडी ढिलाई होती, पाहिजे तेवढी, आतून तार तुटलेली नाही, पेडल सोडलं की थ्रॉटलचा लिव्हर टक्कन मागे येत होता.

आता इंजिन चालू, गरम. आयडलिंग, म्हणजे पाय न लावता इंजिनाचे मिनिटाला फेरे, बघितलं तर ११०० च्या आसपास. या इंजिनला गरम झाल्यावर, एसी बंद असताना, ८०० च्या आसपास पाहिजे. म्हणजे उभ्या गाडीतसुद्धा तीनशे जास्त. थ्रॉटलचा लिव्हर बोटाने बंद होण्याच्या दिशेने दाबला, रेस तसूभर उतरली नाही, म्हणजे स्प्रिंग किंवा केबल नाही, लिव्हर त्याच्या स्टॉपला टेकलेलाच आहे. मग त्या स्टॉपच्या स्क्रूकडेच बघितलं. कंपनीतून येताना या स्क्रूवर रंगाचा ठिपका असतो, कोणी हात लावू नये म्हणून. इथे ठिपका फुटलेला, आटे चकचकीत, स्क्रू चांगला आत फिरवलेला. थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज मोजला, पेडल सोडलेलं असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास पाहिजे तिथे जवळपास पाऊण व्होल्ट.

हे कसं झालं असेल ते सांगता येतं कारण हे दर महिन्याला दिसतं. जुन्या गाडीत थ्रॉटलच्या पत्रीच्या कडेला काळा कार्बन बसतो, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या पाईपमधून, ऑईलची वाफ येते तिचाच तो थर. त्याने हवेची फट कमी होते, गाडी सिग्नलला बंद पडायला लागते. योग्य इलाज म्हणजे थ्रॉटल बॉडी खोलून क्लीनरने धुणं. पण तेवढा वेळ द्यायचा नसेल तर स्क्रू अर्धा-एक फेरा फिरवला की आयडलिंग वर येतं आणि गिऱ्हाईक खुश होऊन जातं. पुढे काय होतं ते बघा. आयडल व्हॉल्व्हचं काम असं असतं की ईसीएम तो थोडा उघडून थोडा मिटून आयडलिंग ८०० वर धरून ठेवतं. स्क्रूमुळे पत्रीतूनच हवा जास्त यायला लागली की ईसीएम व्हॉल्व्ह मिटत जातं, मिटत मिटत शून्यावर येतं, आणि मग त्याच्या हातात काहीच उरत नाही. स्कॅनरवर या गाडीचा आयडल व्हॉल्व्ह गरम इंजिनला शून्य स्टेप दाखवत होता. पूर्ण मिटलेला, तरी आयडलिंग ११००. शिवाय सेन्सरचा व्होल्टेज वाढला की ईसीएमला वाटतं ड्रायव्हरचा पाय जरासा पेडलवर आहे, मग ते आयडलिंगची जबाबदारी घेतच नाही. जो नवीन आयडल व्हॉल्व्ह टाकला होता त्याचा म्हणूनच काही उपयोग झाला नाही, चांगला व्हॉल्व्हही आधीच मिटलेला असेल तर अजून काय मिटणार.

थ्रॉटल बॉडी काढली, धुतली, नवीन पॅकिंग टाकून बसवली. स्क्रू मागे घेऊन मॅन्युअलच्या मापाने लावला, इथे कानाने सेट करू नका, प्रत्येक गाडीचं माप वेगळं असतं. सेन्सर परत अर्ध्या व्होल्टवर आला. बॅटरीची मायनस काही वेळ काढून ठेवली म्हणजे ईसीएम जुनं शिकलेलं विसरतं, मग गाडी चालू करून एसी-लाईट काही न लावता गरम होऊ दिली. आयडलिंग ८०० च्या जवळ, स्थिर, आयडल व्हॉल्व्ह पण आता शून्यावर नाही, त्याला दोन्ही बाजूला हलायला जागा. इथे गाडी धुवून पुसून परत दिली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण ११०० चं आयडलिंग म्हणजे "पुढचा माणूस वळून बघतो" असं ओरडणं नाही ना. सरांची मूळ तक्रार याने पूर्ण सुटत नव्हती, म्हणून त्यांना म्हटलं सर तुम्हीच चालवा, मी शेजारी बसतो.

हे मी मुद्दाम करतो, मालकाला चालवायला लावतो. मी चालवली तर माझ्या सवयीने चालेल, क्लच-ब्रेक माझ्या पद्धतीने पडेल, आणि बिघाड अनेकदा मालकाच्या सवयीमधेच उघडा पडतो. पोवई नाक्याच्या अलीकडे गाड्या तुंबल्या, सरांनी क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून गाडी उभी केली, आणि रेस चढली. पण यावेळी वेगळ्या पद्धतीने, चढते, १९०० च्या आसपास जाते, धाडकन १२०० पर्यंत पडते, परत चढते, परत पडते, तालात. सर घाबरले, "आधी निदान एका जागी तरी राहायची, आता तर नाचायला लागली." आधी ती २२०० वर जाऊन अडकून राहायची. त्यांना वाटलं अजून बिघडलं. मला उलट बरं वाटलं, कारण लक्षण बदललं म्हणजे ते आता खरं बोलायला लागलं होतं.

या वरखाली होण्याला आम्ही हंटिंग म्हणतो आणि त्याचं कारण ठरलेलं असतं. थ्रॉटल पूर्ण बंद आहे असं सेन्सर सांगत असेल आणि तरी रेस एका मर्यादेच्या वर असेल, तर ईसीएमला वाटतं गाडी उतारावर गिअरमधे उतरतेय, पेट्रोल कशाला वाया घालवा, म्हणून ते इंजेक्टर बंद करतं. रेस पडते. ठराविक खाली आली की इंजिन बंद पडू नये म्हणून इंजेक्टर परत चालू. पण जास्तीची हवा तर येतच असते, रेस परत चढते, परत कट. हे चक्र चालू राहतं. म्हणजे हंटिंग दिसलं की दोन गोष्टी एकदम कळतात, सेन्सर पत्री बंद असल्याचं बरोबर सांगतोय, आणि हवा पत्री सोडून दुसरीकडून भरपूर येतेय. आधी स्क्रू फिरवलेला असल्यामुळे ईसीएमला पाय पेडलवर आहे असं वाटायचं, ते पेट्रोल कट करायचंच नाही, म्हणून रेस २२०० वर सरळ अडकून राहायची. म्हणजे एका चुकीच्या सेटिंगने दुसऱ्या बिघाडाचं लक्षणच झाकून टाकलं होतं.

आणि मग ती गोष्ट दिसली. जरा चढ होता, गाड्या हलेनात, सरांनी हँडब्रेक ओढला आणि पाय ब्रेकवरून काढला. रेस सावकाश ८०० वर येऊन बसली. पुढची गाडी सरकली, सरांनी परत ब्रेकवर पाय ठेवला, परत नाच सुरू. मी म्हटलं सर, न्यूट्रल करा, नुसता ब्रेक दाबा. चढली. सोडा. उतरली. दाबा. चढली.

गॅरेजमधे हे कोणालाच का सापडलं नाही ते इथे कळतं. गॅरेजमधे गाडी उभी असते, न्यूट्रलमधे, हँडब्रेकवर, आणि सगळे जण बॉनेटमधे वाकलेले. ब्रेकवर पाय कोणाचाच नसतो. आणि "गरम झाल्यावरच होतं" हे सरांचं निरीक्षण पण खोटं नव्हतं, फक्त त्याचं कारण वेगळं होतं. इंजिन गार असताना आयडलिंग वर ठेवायला आयडल व्हॉल्व्ह मुळातच बराच उघडा असतो, तेव्हा बाहेरून थोडी जास्त हवा आली तर ईसीएम व्हॉल्व्ह तेवढा मिटून घेतं आणि ड्रायव्हरला फारसं काही कळत नाही. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह आधीच जवळपास मिटलेला, सरांच्या गाडीत तर पूर्णच, मग सांभाळून घ्यायला जागा नाही. त्यातून सकाळी घरापासून पहिली पंधरा मिनिटं मोकळा रस्ता, ब्रेक दाबून उभं राहायची वेळच येत नव्हती.

ब्रेकचा आणि इंजिनाच्या हवेचा संबंध काय, तर ब्रेक बूस्टर. पेडलच्या पुढे बॉनेटमधे जो काळा गोल डबा असतो तो. त्याच्या आत रबरी पडदा असतो, पडद्याच्या दोन बाजूला दोन कप्पे. पुढच्या कप्प्यातून एक जाड पाईप इंजिनाच्या मॅनिफोल्डला जातो, तिथून व्हॅक्यूम मिळतो. पाय ब्रेकवर नसताना दोन्ही कप्प्यांत व्हॅक्यूम असतो, सगळं शांत. ब्रेक दाबला की आतला व्हॉल्व्ह दोन कप्प्यांमधली वाट बंद करतो आणि मागच्या कप्प्यात बाहेरची हवा सोडतो, एका बाजूला हवा एका बाजूला व्हॅक्यूम, त्या फरकाने पडदा पुढे ढकलला जातो आणि आपल्या पायाला मदत मिळते. आता पडदा फाटला असेल तर ब्रेक दाबल्यावर मागच्या कप्प्यातली हवा फटीतून पुढच्या कप्प्यात आणि तिथून जाड पाईपने थेट इंजिनात. पाय सोडला की बाहेरची हवा बंद, लीक गायब. लक्षणाला लक्षण जुळलं. ब्रेक कडक का वाटत होता त्याचंही उत्तर मिळालं, पडदा फाटल्यावर मदतच अर्धवट मिळते, पॅडचा काही दोष नव्हता.

तरी जुळलं म्हणून मोकळं होऊन चालत नाही, सिद्ध करावं लागतं. गॅरेजला आलो, पोराला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, चाकांना पुढेमागे विटा लावल्या. एअर फिल्टरकडून येणारा मोठा पाईप थ्रॉटलच्या तोंडावरून काढला. व्हॉल्व्ह कव्हरमधून जो ब्रीदरचा पाईप त्या मोठ्या पाईपला येतो त्यालाही बूच मारलं, हे विसरलात तर ब्रीदरमधून पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातली वाफ मॅनिफोल्डला नेणाऱ्या, वाटेने हवा जाते आणि परीक्षा खोटी ठरते. इंजिन चालू, गरम, आणि थ्रॉटलचं तोंड जाड रबराच्या तुकड्याने पूर्ण झाकलं. हाताचा तळवा लावू नका, ओढ जोरात असते, आणि सैल कपडे लांब ठेवा. पाय ब्रेकवर नसताना इंजिन लगेच गुदमरून बंद पडलं, तसंच पडायला पाहिजे, कारण आयडल व्हॉल्व्हची वाटही या तोंडातूनच सुरू होते. परत चालू केलं, पोराला म्हटलं ब्रेक दाब, तोंड झाकलं. इंजिन बंद पडलं नाही. थोडं अडखळलं आणि चालत राहिलं. तोंड पूर्ण बंद असताना इंजिन चालतंय याचा दुसरा अर्थच निघत नाही, हवा थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूने येतेय.

मग बूस्टरचा जाड पाईप पक्कडीत फडकं घालून चिमटला, पोराचा पाय ब्रेकवरच. रेस जागेवर. सोडला, चढली. पीसीव्ही आणि कॅनिस्टरचे (पेट्रोलची वाफ साठवणारा डबा) पाईप पण असेच चिमटून बघितले, त्यांनी काही फरक नाही. व्हॅक्यूम गेज लावला तर पाय मोकळा असताना काटा सतरा इंचाच्या (पाऱ्याच्या इंचात) आसपास स्थिर, समुद्रसपाटीला अठरा ते एकवीस मिळतो पण उंचीवर दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरायचा, त्यामुळे साताऱ्यात सतरा म्हणजे इंजिन तब्येतीने चांगलं. ब्रेक दाबताक्षणी काटा खाली झेपावायचा आणि हंटिंगबरोबर हलत राहायचा. बऱ्याच ठिकाणी आता स्मोक मशीन असतं, मॅनिफोल्डमधे धूर सोडून लीक शोधतात, चांगलं साधन आहे, पण ब्रेक दाबलेला नसेल तर असला लीक त्यातही दिसणार नाही.

बूस्टरच्या घरच्या घरी करण्यासारख्या दोन परीक्षा आहेत त्याही केल्या, तुम्हीसुद्धा करू शकता. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल, तसाच दाबून धरा आणि इंजिन चालू करा, चांगल्या बूस्टरमधे पेडल पायाखाली थोडं खाली जातं. इथे जेमतेम हललं. दुसरी, इंजिन चालू असताना ब्रेक दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा, पेडल जागचं हलायला नको. इथे पेडल पायाला वर ढकलत आलं. शिवाय डॅशबोर्डखाली कान नेला तर ब्रेक दाबलेला असेपर्यंत सूं आवाज, दाबताना क्षणभर आवाज येणं नॉर्मल आहे, पण धरून ठेवल्यावरही चालूच राहिला तर नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. बूस्टरचा पाईप काढून तिथे बूच मारला तर रेस ताबडतोब बरी होते, आणि असं करून दिलेल्या गाड्या मी बघितल्यात. त्या गाडीच्या ब्रेकला मग काहीच मदत उरत नाही, सगळा जोर पायाचा, घाटात बाईमाणूस किंवा वयस्कर माणूस चालवत असेल तर गाडी वेळेत थांबणार नाही. असं कधीही करू नका, कोणी करून देत असेल तर गाडी तिथून टो करून न्या.

आणि दुरुस्त होईपर्यंत चालत्या गाडीत रेस अशी चढलीच तर काय करायचं ते सरांनाही सांगितलं. क्लच पूर्ण दाबायचा, म्हणजे इंजिन कितीही ओरडलं तरी चाकाला जोर जात नाही, आणि ब्रेक एकदाच, घट्ट, दाबून धरायचा. पंप करायचा नाही, कारण बूस्टरमधे साठलेली मदत दोन-तीन दाबांत संपते. न्यूट्रल, बाजूला, मग चावी बंद. चालत्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरवली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, म्हणून आधी थांबा. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात ऑडी ५००० या ऑटोमॅटिक गाडीवरून फार गदारोळ झाला होता, गाड्या आपोआप सुसाट सुटतात म्हणून, आणि १९८९ मधे तिथल्या सरकारी तपासाच्या अहवालात निघालं की बहुतेक अपघातांत ड्रायव्हरचा पाय ब्रेकऐवजी एक्सलेटरवर पडला होता, पण काही गाड्यांत आयडल धरून ठेवणाऱ्या यंत्रणेतला दोष रेस एकदम वाढवत होता आणि तेवढ्याने ड्रायव्हर दचकू शकत होता. दचकलेला माणूस काय करेल सांगता येत नाही, म्हणून थोडीशी आपोआप चढणारी रेस पण मी हलक्यात घेत नाही.

बूस्टर बदलायचा ठरला, पण पडदा का फाटला हा प्रश्न राहतोच, नाहीतर नवीनही तसाच जाईल. ब्रेक ऑईलचा डबा बघितला तर लेव्हल खाली. सरांना विचारलं, म्हणाले अधूनमधून कमी होतं, टाकून घेतो, खाली कुठे डाग पडत नाही. चार चाकं बघितली, कुठेच ओलं नाही. बाहेर गळत नाही आणि तरी कमी होतंय तर ते जातंय कुठे? मास्टर सिलेंडरचे, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑईलवर टाकणाऱ्या भागाचे, दोन नट काढून तो बूस्टरपासून बाजूला केला, मागची बाजू ओली, आणि बूस्टरच्या तोंडात बोट घातलं तर बोटाला ब्रेक ऑईल. मास्टर सिलेंडरचं मागचं सील गेलं होतं, ऑईल हळूहळू बूस्टरच्या आत उतरत होतं आणि त्यातच पडदा भिजून फुगला आणि सुटला. थोडं ऑईल व्हॅक्यूमच्या पाईपने इंजिनातही जात असणार, सर म्हणाले होते की कधीकधी सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो, त्यांना ते हेड गास्केट वाटत होतं आणि त्याचीच जास्त काळजी होती. कूलंट बघितलं तर लेव्हलला, स्वच्छ, म्हणजे हेड गास्केटचा संशय गेला.

म्हणून बूस्टर आणि मास्टर सिलेंडर दोन्ही बदलले. नुसता बूस्टर टाकला असता तर थोड्या काळात नवीन पडदाही ऑईलमधे भिजला असता. व्हॅक्यूमचा पाईप त्याच्या वन-वे व्हॉल्व्हसकट नवीन टाकला कारण जुन्याच्या आत ऑईल होतं आणि रबर मऊ पडलं होतं. पूर्ण सिस्टीमचं ब्रेक ऑईल नवीन, चारही चाकांचं एअर काढलं. बूस्टर आणि मास्टर सिलेंडरच्या मधल्या पुशरॉडचं अंतर मापाने लावावं लागतं, तिथे घाई करू नका, अंतर कमी पडलं तर ब्रेक सुटतच नाहीत, धरून राहतात आणि ड्रम-डिस्क तापतात. हे सगळं मिळून आलेला खर्च त्या ईसीएमच्या सांगितलेल्या खर्चापेक्षा बराच कमी.

परत चालू केली तर आयडलिंग ८०० च्या जवळ, ब्रेक दाबताना काटा क्षणभर हलतो आणि लगेच जागेवर, जे नॉर्मल आहे. आयडल व्हॉल्व्ह वीसेक स्टेपवर. थ्रॉटलचं तोंड झाकून परत बघितलं, आता ब्रेक दाबलेला असो नसो, इंजिन लगेच बंद पडतं. स्टॉपच्या स्क्रूवर मी परत रंगाचा ठिपका दिला आणि सरांना दाखवून ठेवला, पुढे कुठेही गाडी लावली आणि हा ठिपका फुटलेला दिसला तर विचारायचं म्हणून. मग पसरणी घाटात सरांनीच गाडी उतरवली, दुसऱ्या गिअरमधे, मी शेजारी. गाडी अडवत होती. पहिल्या वळणावर त्यांनी सवयीने जुन्यासारखा जोर लावून ब्रेक दाबला तर गाडी एकदम थांबली, मग खाली येईपर्यंत त्यांचा पाय हलका झाला.

एक गोष्ट अजून बघायची राहिलीय. इतके महिने ब्रेक ऑईल थोडं थोडं इंजिनात जळलंय तर प्लग आणि ऑक्सिजन सेन्सरवर त्याचा थर बसला असेल का. प्लग काढून बघितले, दोन सिलेंडरच्या प्लगवर पांढरट थर होता, ते बदलले. ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल सध्या व्यवस्थित वरखाली होतोय म्हणून त्याला हात लावलेला नाही. पुढच्या सर्व्हिसला परत मोजणार आहे, आणि सरांना ब्रेक ऑईलच्या डब्यावर मार्करने रेघ मारून दिलीय, ती रेघ सोडून लेव्हल खाली गेली तर टॉप-अप न करता सरळ गाडी घेऊन या असं सांगितलंय.